मुक्कामी गुरुजी, मुक्कामी शाळा

वऱ्हाडातल्या माध्यमिक शिक्षणाचा इतिहास लिहिणारे बहुतेक लोक अमरावतीहून निघतात आणि अकोल्यात थांबतात. भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, तिच्या शाळा गावोगाव पोचल्या आणि बहुजनांची पोरं शिकली, असा तो इतिहास असतो. यातला प्रत्येक शब्द खरा आहे आणि भाऊसाहेबांचं ऋण फेडता येण्यासारखं नाही. पण या मांडणीत जिल्हा परिषदेच्या वाट्याला फक्त चौथी-सातवीच्या शाळा येतात आणि हायस्कूल म्हटलं की संस्थाच डोळ्यांसमोर येते. एका परिसंवादात एका विद्वान गृहस्थांनी जिल्हा परिषदेची हायस्कुलं म्हणजे 'सरकारी अपघात' असं म्हटलं होतं. ते मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. कारंजा तालुक्यातल्या कामरगावसारख्या सर्कलच्या गावात जिल्हा परिषदेचं विद्यालय उभं राहतं आणि आसपासच्या खेड्यांतली पोरं तिथे दहावी होतात, याला अपघात म्हणत नाहीत. त्यामागे धोरण होतं, गावाचा पैसा होता आणि माणसं होती.

आधी भूगोल सांगतो, कारण आजच्या पोरांना वाशीम जिल्हा कायमचाच वाटतो. इंग्रजांच्या काळात वाशीमचा वेगळा जिल्हा होता. तो 1905 मध्ये मोडून अकोल्यात घातला गेला. कारंजा तर तेव्हा मूर्तिजापूर तालुक्यातलं गाव. लाडांचं कारंजं म्हणून त्याची पेठ मोठी, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून क्षेत्र मोठं आणि जैनांच्या ग्रंथभांडारांमुळे विद्येचा लौकिकही मोठा. महावीर ब्रह्मचर्याश्रमाचं गुरुकुल तिथे 1918 पासूनचं. मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी रेल्वे, आपली शकुंतला, कारंज्यावरूनच जायची. म्हणजे कामरगावच्या पंचक्रोशीला शिक्षण ठाऊक नव्हतं असं नाही. ते कारंज्याला होतं, मूर्तिजापूरला होतं, आणि तिथे ज्याचा कुणी नातेवाईक राही त्याच्याच पोराला ते मिळे. बाकीच्यांचं शिक्षण गावातल्या शेवटच्या वर्गाबरोबर संपत असे. मग पोरगा वावरात आणि पोरगी चुलीपाशी.

राज्यं बदलत गेली. 1956 पर्यंत आपण जुन्या मध्य प्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात, 1960 पासून महाराष्ट्रात. या काळातल्या कमिट्या, परिपत्रकं आणि नामांतरं अभ्यासकांसाठी सोडतो. शाळेच्या दृष्टीने त्यात खरी गोष्ट एकच घडली. वसंतराव नाईकांच्या समितीने 1961 मध्ये लोकशाही विकेंद्रीकरणाचा अहवाल दिला, त्याच वर्षी कायदा झाला आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. नाईकसाहेब पुसदचे. खेड्यातल्या माणसाला शाळेसाठी कुणाकडे हात पसरावा लागतो ते त्यांना ठाऊक होतं. आता तो हात आपल्याच सर्कलमधून निवडून गेलेल्या मेंबरपाशी जाऊ लागला. जमीन महसुलावरचा उपकर जिल्हा परिषदेकडे यायचा, म्हणजे शाळेच्या खडूत शेतकऱ्याच्या साऱ्याचा हिस्सा होता. संस्थेची शाळा संस्थाचालकाची असते. ही शाळा गावाची होती. गावकरी हेडमास्तरांच्या खोलीत बेधडक शिरून 'आमच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर काहून नाही?' असं विचारत आणि हेडमास्तरांना उत्तर द्यावं लागे.

पुढच्या टप्प्यांवर रेंगाळत नाही. 1966 पासून राज्याचं परीक्षा मंडळ आलं. 1975 मध्ये अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची एसएससी आली आणि पुढे आमचा भाग अमरावती विभागीय मंडळाकडे गेला. 1998 च्या 1 जुलैला वाशीम पुन्हा जिल्हा झाला आणि दप्तरं अकोल्याहून वाशीमला हलली. परिपाठ, प्रभातफेरी, जानेवारीतलं स्नेहसंमेलन, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा हे सगळं इथेही होतं तसंच महाराष्ट्रभर होतं.

वेगळा होता तो कापूस. वऱ्हाडातल्या शाळेचं वेळापत्रक शिक्षण खात्यापेक्षा पऱ्हाटी ठरवते. दसऱ्यापासून वेचणी लागली की हजेरीपट रिकामा दिसू लागतो. पोरी आधी गळतात, कारण वेचणीला बायकांचे हात लागतात. दिवाळीची सुट्टी संपली तरी आठ-पंधरा दिवस वर्ग भरत नाहीत. सहामाहीच्या पेपरांवर त्याचा परिणाम दिसतो आणि शहरातून आलेला नवा शिक्षक म्हणतो, 'यांना शिकायचंच नाही.' हे वाक्य मी स्टाफरूममध्ये पुष्कळदा ऐकलं आणि दर वेळी भांडलो. पोरगं दिवसभर वावरात राबतं आणि संध्याकाळी वही शोधतं, त्याला शिकायचं नाही असं कसं म्हणायचं? प्रश्न असतो तो संध्याकाळी त्याला वही उघडायला जागा कुठे आहे, हा. एका खोलीच्या घरात चूल, म्हातारी, लहान भावंडं आणि बियाण्याची पोती. तिथे भूमितीचं प्रमेय पाठ होत नाही.

यातूनच रात्रीची अभ्यासिका आली. माझ्या नोकरीचा अर्थ मला विचाराल तर मी तिच्याकडेच बोट दाखवीन. तिची कुठल्या अहवालात नोंद नाही. तिला अनुदान नव्हतं, परिपत्रक नव्हतं. दिवाळीनंतर कापसाची गडबड ओसरली की दहावीची पोरं रात्री जेवून शाळेत यायची. काखेत वाकळ, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात पुस्तकांची पिशवी. शाळेत वीज असली तरी कंदील लागायचाच, कारण लाईन कधी जाईल याचा भरवसा नसे. पुढे भारनियमनाच्या वर्षांत तर रात्रीची लाईन ही बातमी होती. रॉकेल रेशनचं, म्हणून ते घरच्या चिमणीतून वाचवून आणलेलं असे. एका कंदिलाभोवती चार-पाच जण बसत. मी आणि माझे सहकारी पाळीने थांबत असू, कारण आम्ही गावातच राहायचो. भाड्याची खोली, अंगणात हौद, शेजारी पालक. संध्याकाळी पारावर बसलेला एखादा काकाजी म्हणायचा, 'गुरुजी, पोट्टं तुमच्या हवाली हाय. नापास झालं तं वावरात घालतो.' त्या एका वाक्याने रात्रीची झोप उडायची.

अभ्यासिकेची शिस्त ठरलेली होती. रात्री गणित, कारण त्याला जागेपण लागतं. साडेदहानंतर इतिहास-भूगोल, अकराला कंदील मंद करून झोप. पहाटे चारला उठवायचं, बाहेर हौदाच्या गार पाण्याने तोंड धुवायचं आणि इंग्रजीचे शब्द मोठ्याने म्हणायचे. शब्द मोठ्याने म्हणण्यावर माझा कटाक्ष असायचा, आणि त्यावर मला घोकंपट्टीचा पुरस्कर्ता म्हणून हिणवणारेही भेटले. त्यांना एवढंच सांगतो की 2000 सालापर्यंत आपल्याकडे इंग्रजी पाचवीपासून होतं. ज्याच्या घरात ती भाषा कधी कुणी उच्चारलेली नाही, त्याच्या कानावर ती आधी पडली पाहिजे. कान तयार झाला की व्याकरण बसतं. आमच्याकडची पोरं गणित आणि इंग्रजी या दोनच विषयांत उडायची आणि मग ऑक्टोबरला बसायची. एकदा ऑक्टोबरला गेलेला पोरगा वेचणीच्या दिवसांतच परीक्षा द्यायचा, म्हणजे पुन्हा उडायचा. तो फेरा अभ्यासिकेनेच तोडला. ऑक्टोबरच्या ऐवजी जुलैत पुरवणी परीक्षा 2015 मध्ये आली. ती तेव्हाच असती तर कितीतरी पोरं वाचली असती.

मुलींचं काय, हा प्रश्न रास्त आहे. त्या रात्री शाळेत थांबत नसत. पण एखाद्या शिक्षिका किंवा शिक्षकाचं कुटुंब गावात असलं की त्यांच्या ओसरीवर मुलींची अभ्यासिका भरायची. आठ-नऊ वाजता भाऊ नाही तर आजा न्यायला यायचा. चहा मिळायचा, केसांचा गुंता सोडवला जायचा, आणि 'दहावीनंतर लगेच लग्न नको' हे बापाला सांगायचं कुणी, तर त्या घरातली बाई सांगायची. मुलींना फी माफ झाली, एसटीचा मोफत पास आला. या योजनांनी मोठं काम केलं, पण त्यांच्याआधी अनेक मुलींचं शिक्षण एखाद्या ओसरीने वाचवलेलं आहे. याची आकडेवारी नाही म्हणून हे घडलंच नाही असं समजू नये.

मैदानाबद्दल दोन ओळी. आमचे पीटीचे मास्तर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून शिकून आलेले असायचे. हे मंडळ 1914 चं. त्यांच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली, हे ते मास्तर पावसाळी तासाला सांगत आणि कबड्डीचं मैदान आखताना पोरांची छाती फुगे. चुन्याची रेघ सरळ आली नाही तर ती पुन्हा मारायला लावत.

आता आजचं. रस्ते छान झाले. समृद्धी महामार्ग कारंजा तालुक्यातूनच गेला आणि 2022 च्या डिसेंबरात नागपूर-शिर्डी टप्पा खुलाही झाला. अमरावतीहून माणूस तास-दीड तासात या पट्ट्यात पोचतो. त्याचा पहिला परिणाम असा की शिक्षक संध्याकाळी परत जातो. मुख्यालयी राहण्याची अट कागदावर आहे, घरभाड्यासाठी ग्रामसभेचा ठराव जोडावा लागतो, तोही जोडला जातो. शिक्षकांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, तो वेळेवर येतो, वेळेवर जातो, शिकवतो, मग कुठे राहतो याच्याशी तुम्हाला काय करायचं? त्याच्या मुलांना चांगली शाळा हवी, बायकोची नोकरी शहरात आहे. हे सगळं मला समजतं आणि त्या अडचणी खऱ्या आहेत. पण माझं उत्तर बदलत नाही. वऱ्हाडातल्या हायस्कुलाचं निम्मं काम शाळा सुटल्यानंतर सुरू होतं. साडेपाचला कुलूप लागलं की ते निम्मं काम मरतं. त्याच्या जागी कारंज्याची शिकवणी येते आणि शिकवणीची फी ज्याला परवडत नाही तो तिथेच थांबतो.

त्यात भरतीची गोष्ट आहे. 2012 पासून शिक्षकभरतीला खीळ बसली, 2017 मध्ये अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आलं, आणि या सगळ्या काळात निवृत्त होणाऱ्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. विज्ञानाचा शिक्षक भूगोल घेतो आणि गणिताला घड्याळी तासिकेवर कुणीतरी येतं. शिक्षण हक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला. मी त्याचा समर्थक आहे. पण त्याच्या रचनेनुसार प्राथमिक शाळांना पाचवी आणि आठवीचे वर्ग जोडत गेले आणि हायस्कुलांच्या खालच्या वर्गांची पोरं घटली. पोरं घटली म्हणून संचमान्यतेत पदं घटली, पदं घटली म्हणून पालक इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीकडे वळले. वाशीम हा नीती आयोगाने 2018 मध्ये निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. अशा जिल्ह्यात फळे स्मार्ट झाले, टॅब्लेट आले. त्यांना माझा विरोध नाही. पण फळ्यासमोर रात्री आठ वाजता बसलेल्या पोराचा गुणाकार चुकतोय हे बघायला माणूस लागतो.

काही जण म्हणतात, आता कुणाकडे कंदील उरलाय? प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, अभ्यासिका हवी कशाला? एक खोलीचं घर अजून आहे. सोयाबीन आलं, कापूस कमी झाला, पण सोंगणीला आणि वेचणीला पोरांचे हात लागतातच. अभ्यासाला शांत जागा आणि जवळ बसलेला शिक्षक, या दोन गोष्टी तेव्हा नव्हत्या म्हणून आम्ही अभ्यासिका काढली. गरीब घरात त्या आजही नाहीत.

म्हणून कामरगावच्या आणि तशाच प्रत्येक गावच्या माजी विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे. तुमच्यातले कितीतरी जण आज पुण्याला, नागपूरला, नोकरीत स्थिर आहात. स्नेहमेळाव्यात शाल-श्रीफळावर आणि फ्लेक्सवर पैसा घालू नका. गावात शिक्षकाला राहण्याजोगी दोन खोल्यांची जागा बांधून द्या, पाणी आणि संडास नीट असलेली. शाळेच्या एका खोलीला रात्रीचे दिवे आणि इन्व्हर्टर द्या. गावच्या निवृत्त शिक्षकांपैकी एकाला तिथे बसवा. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घेऊन हे येत्या डिसेंबरपासून सुरू करता येतं. दहावीची परीक्षा मार्चच्या आसपास असते, तीन महिने हातात आहेत.