मार्गदर्शक निवडतांना

घरांतील मुलीस स्थळ सांगून आलें म्हणजे आपण चार ठिकाणीं चौकशी करतों. तीच मुलगी पीएच्.डी.साठीं नांव नोंदवूं लागली म्हणजे मात्र मार्गदर्शकाची चौकशी करण्याचें कोणास सुचत नाहीं. ‘मोठें नांव आहे’ किंवा ‘आपल्या ओळखीचे गृहस्थ आहेत’ एवढ्यावर भागतें. वस्तुतः विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें या अभ्यासाची मुदत किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षें आहे. ऐन उमेदीचा एवढा काळ एका माणसाच्या हातीं सोपवावयाचा असतो.

कीर्ति आणि शिकवण एकाच ठिकाणीं असतात असें नाहीं. कमलाबाई सोहोनी १९३३ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत गेल्या, तेव्हां नोबेल पारितोषिक मिळविलेले सर सी. व्ही. रामन तेथें संचालक होते. त्यांनीं स्त्री म्हणून प्रथम प्रवेश नाकारला व मग अटींवर दिला. कमलाबाईंना प्रत्यक्ष शिकविलें तें श्रीनिवासय्या यांनीं. ते मोठे कडक. पण त्यांच्याच हाताखालीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांचा अभ्यास झाला. पुढें केंब्रिजला डॉ. रिक्टर यांनीं जागा दिली. ते दुसरीकडे गेल्यावर डॉ. हिल यांच्याकडे काम करून १९३९ सालीं त्यांनीं डॉक्टरेट मिळविली.

मार्गदर्शक मध्येंच जाण्याचा प्रसंग आजही येतो. म्हणून सेवानिवृत्तीस तीन वर्षांहून कमी अवधि उरलेल्या अध्यापकास नवा विद्यार्थी घेतां येत नाहीं. प्राध्यापकास एका वेळीं आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व साहाय्यक प्राध्यापकास चार, अशी मर्यादाही आहे. यांपैकीं किती जागा भरल्या आहेत हें आधीं विचारावें.

नियमांत न बसणारें तें जुन्या विद्यार्थ्यांस विचारावें. लिहून दिलेलें प्रकरण किती दिवसांनीं परत येतें? त्यावर खुणा असतात कीं नुसती सही? घरचीं कामें सांगितलीं जातात काय? त्यांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संग्रहांत बहुधा वाचावयास मिळतात, तेही चाळावे. कडक गुरूस भिऊं नये, बेपर्वा गुरूस मात्र भ्यावें.

वडीलधाऱ्यांस आमची एकच विनंती आहे. ओळखीच्या गृहस्थांसाठीं मुलांस भीड घालूं नका. ओळखीपोटीं घेतलेल्या मार्गदर्शकाविरुद्ध उद्यां तक्रार करावयाची झाल्यास तुमच्याच संकोचानें मुलांचें तोंड बंद होतें.