लायसन्स मिळालं, आता पुढं काय?



आपल्या गटांतल्या कितीतरी जणी आता स्कूटी चालवतात. कुणी डेअरीला दूध घालते, कुणी बँकेत जाते, कुणी लेकरांना शाळेत सोडते. पण एकदा लायसन्स हातात आलं की शिकणं संपलं, असं आपण धरून चालतो. मग हाताला लागलेल्या चुकीच्या सवयी तशाच राहतात. त्या सांगणार कोण?

ब्रिटनमध्ये हे काम स्वयंसेवक करतात. तिथं १९५६ साली 'इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड मोटरिस्ट्स' ही संस्था निघाली. आज तिचं नाव 'आयएएम रोडस्मार्ट' आहे. तिचे स्थानिक गट आहेत आणि त्यातल्या स्वयंसेवकांना 'ऑब्झर्व्हर', म्हणजे निरीक्षक, म्हणतात. त्यांना पगार नसतो. आधी स्वतः संस्थेची परीक्षा पास व्हायची, मग दुसऱ्याला कसं सांगायचं याचं प्रशिक्षण घ्यायचं. लायसन्स असलेल्या चालकालाच ते मदत करतात.

ऑब्झर्व्हर शेजारच्या सीटवर बसतो. मोटारसायकल असेल तर दुसऱ्या गाडीवरून मागून येतो. तो चालू गाडीत रागवत नाही. गाडी थांबली की आधी चालकालाच विचारतो, "त्या वळणावर तुम्हाला काय दिसलं?" मग काय चांगलं झालं ते सांगतो आणि सुधारायच्या एकदोन गोष्टी. ढीगभर चुका एकदम ऐकल्या, तर माणूस घाबरतो आणि काहीच लक्षात राहत नाही.

त्यांचा एक क्रम ठरलेला आहे. आधी माहिती घ्यायची, म्हणजे पुढं, मागं, आरशात पाहायचं. मग रस्त्यावरची आपली जागा, मग वेग, मग गिअर आणि शेवटी ॲक्सलरेटर. वळणात शिरून ब्रेक दाबायचा नाही, वेग आधीच कमी करायचा.

दुसरी युक्ती बोलण्याची. "पुढं एसटी थांबलीय, तिच्या आडून कुणी येईल, वेग कमी करते," असं चालकानं मोठ्यानं बोलायचं. त्यावरून नजर कुठं आहे आणि कुठं नाही, ते ऐकणाऱ्याला कळतं.

तिसरी गोष्ट दोन सेकंदांची. पुढची गाडी विजेच्या खांबाजवळून गेली की "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणायचं. त्याआधीच आपण खांबाशी पोचलो, तर फार जवळ आहोत. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. पुढच्यानं अचानक ब्रेक मारला, तर हेच अंतर आपल्याला वाचवतं. पावसात ते दुप्पट ठेवायचं.

हे आपल्या गटातही जमेल. नीट आणि नियमानं चालवणारी एखादी मैत्रीण निवडा. महिन्यातून एकदा तिनं दुसरीच्या मागून आपल्या गाडीवर यावं, अंतर राखून. दोघींचं लायसन्स हवं, हेल्मेट हवं. बोलायचं ते गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून. आणि ज्या मैत्रिणीला सांगितलं जातंय, तिनंही ते मनाला लावून घेऊ नये. आपल्या मागं बसलेलं लेकरू आपल्या भरवशावर बसलेलं असतं.

पुढच्या बैठकीत हा विषय नक्की काढा.