माळ्यावरची मालमोटार

एखादी वस्तू जपणे म्हणजे काय, असा प्रश्न मला पूर्वी कोणी केला असता, तर मी तत्काळ उत्तर दिले असते की, ती स्वच्छ पुसावी, फडक्यात गुंडाळावी आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी. गेल्या उन्हाळ्यात हे उत्तर मला बदलावे लागले. ते का, हे सांगण्यासाठी एका खेळण्याची हकिगत आपणांपुढे मांडतो. विषय लहान आहे, पण तो उलगडताना विज्ञानातील दोन-चार मोठ्या गोष्टींना स्पर्श होईल.

1988 साली माझा धाकटा भाऊ आखाती देशातून सुट्टीवर आला, तेव्हा त्याने माझ्या आठ वर्षांच्या मुलासाठी एक मालमोटार आणली. त्या वेळी हिंगोली हे परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा व्हायला 1 मे 1999 उजाडायचा होता. हातातल्या डबीवरची कळ दाबली की तार नाही, दोरी नाही, आणि अंगणात मोटार चालू लागते, हे पाहायला गल्ली लोटली होती. इतकी मोलाची वस्तू पोराच्या हाती मोडेल या धास्तीने मी ती कपाटावर ठेवली आणि पुढे माळ्यावर. छत्तीस-सदतीस वर्षे ती तिथेच राहिली. गेल्या उन्हाळ्यात नातू सुट्टीला आला. त्याला ती द्यावी म्हणून मोठ्या हौसेने पेटी उतरवली. कळ दाबली, तर चाकाने हूं की चूं केले नाही.

मुलगा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "बाबा, ही गाडी मी मोजून चार-पाच वेळा चालवली असेन." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते मला अधिक लागले. ही मोटार चालती करायचीच, असे मी त्या दिवशी ठरवले.

खालचे झाकण उघडताच पहिला अपराधी सापडला आणि तो मीच होतो. सहा पेन्सिल सेल मी आतच ठेवले होते. सेल म्हणजे जस्ताची एक डबी. तिच्यात रसायनांचा लगदा असतो आणि वीज निर्माण होताना ते जस्त हळूहळू झिजत जाते. सेल वापरला नाही तरी ही झीज मंदगतीने चालूच राहते. अखेर डबीला भोक पडते, लगदा बाहेर झिरपतो आणि तांब्या-पितळेच्या पट्ट्यांना खाऊ लागतो. माझ्या मोटारीतल्या स्प्रिंगांवर पांढरे-हिरवे पापुद्रे चढले होते. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. जुन्या साध्या सेलमधून गळणारा द्राव आम्लधर्मी असतो, म्हणून तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावा. अलीकडच्या अल्कलाइन सेलचा द्राव याच्या उलट. त्याला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लागते. नंतर स्पिरिटचा बोळा फिरवून, बारीक पॉलिश कागदाने पट्ट्या उजळ कराव्यात. तारेची टोके मात्र नीट पाहावीत. गळती कधी कधी आवरणाच्या आतून वर चढते आणि वरून लाल दिसणारी तार आत काळी पडलेली असते. अशा दोन तारा मला बदलाव्या लागल्या.

मग यंत्राचा भाग. दातेरी चाकांतले वंगण सुकून डिंकासारखे झाले होते. ते काढायला रॉकेल किंवा पेट्रोल वापरण्याचा मोह होतो, पण काही जातींचे प्लॅस्टिक त्याने ठिसूळ होते. साबणाचे कोमट पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश एवढ्याने काम भागले. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ किती बारीक असते, हे त्या चाकांच्या दातांत पाहायला मिळाले. वाळल्यावर प्लॅस्टिकला चालणारे सिलिकोनचे वंगण अगदी थोडे लावले. सेल घातले, आणि मोटारीच्या दोन तारांना थेट जोड देताच चाके गरगर फिरली! नातवाने टाळ्या पिटल्या. पण डबीवरची कळ दाबली, तर पुन्हा शांतता.

तेव्हा नातवाने विचारले, "आजोबा, मध्ये तर काहीच नाही. मग तिला कळतं तरी कसं?"

श्रोतेहो, हा प्रश्न लहान नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगातले मोठे शास्त्रज्ञ याच प्रश्नामागे लागले होते. 1887-88च्या सुमारास जर्मनीत हाइन्रिख हर्ट्झ यांनी विजेची ठिणगी पाडली आणि तिच्यापासून निघालेली लहर काही अंतरावरच्या तारेच्या कड्यात पकडून दाखवली. 1895 साली जगदीशचंद्र बसू यांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये अशा लहरी भिंतींतून आरपार पाठवून पलीकडची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. आणि 1898 साली न्यूयॉर्कमध्ये निकोला टेस्ला यांनी पाण्याच्या हौदात एक लहानशी बोट बिनतारी आज्ञेने चालवून दाखवली. माझ्या नातवाच्या मालमोटारीची ती पणजीच म्हणायची.

आता आज्ञा जाते कशी? डबीतल्या मंडलात वीज एका सेकंदाला 2 कोटी 70 लाख वेळा मागेपुढे झुलते. मोटारीच्या तळाशी 27 मेगाहर्ट्झ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ हाच. या झोक्यांची लहर अवकाशात प्रकाशाच्या वेगाने पसरते. तिची लांबी सुमारे 11 मीटर, म्हणजे एखाद्या लांब ओसरीएवढी. पण नुसती लहर म्हणजे नुसता सूर. त्यात अर्थ नाही. म्हणून ती लहर ठराविक तालात चालू-बंद केली जाते. पुढे जाण्याचा एक ताल, डावीकडे वळण्याचा दुसरा. ज्यांनी तार ऑफिसातला कट्ट-कडकट्ट ऐकला आहे, त्यांना हे सांगायला नको. तारेची ती सेवा 2013 साली बंद झाली, पण तिची युक्ती मुलांच्या खेळण्यांत नांदते आहे. मोटारीतला ग्राहक म्हणजे तो ताल ओळखणारा तारमास्तर. ताल ओळखला की तो मोटारीकडे वीज सोडतो.

आमचा तारमास्तर मुका झाला होता. मंडलात वीज साठवून तिचा प्रवाह सारखा ठेवणारे कपॅसिटर नावाचे लहान डबे असतात. त्यांपैकी काहींच्या आत ओला द्राव असतो आणि तीस-चाळीस वर्षांत, त्यातही आमच्याकडच्या माळ्यावरच्या उन्हाळ्यात, तो सुकून जातो. त्याच मापाचे नवे डबे आणून मी डाख दिला. एक उलट बसला. तो तापून फुगला, तेव्हा धन आणि ऋण या खुणांकडे मी या वयात पुन्हा एकदा आदराने पाहिले. डाखाच्या जुन्या तारेत शिसे असते, म्हणून हे काम खिडकीजवळ करावे, मुलाला पाहू द्यावे पण धुरापासून दूर बसवावे आणि नंतर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

मोटार चालली! पण दहा फुटांपलीकडे गेली की ऐकेना. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने सल्ला दिला की, जुने मंडल काढून टाका आणि नवे 2.4 गिगाहर्ट्झचे बसवा. सल्ला खोटा नव्हता. त्या लहरीची लांबी अवघी साडेबारा सेंटिमीटर असते, त्यामुळे बोटभर तार पुरते. शिवाय प्रत्येक डबी आपलीच मोटार ओळखते. आमच्या जुन्या जातीच्या दोन मोटारी एका अंगणात आल्या, तर एकीची आज्ञा दुसरी ऐकते. जुने मंडल पार जळाले असेल तर हाच मार्ग धरावा. पण आमचे जिवंत होते. जिवंत माणसाच्या जागी दुसरा बसवू नये, एवढेच मला वाटले.

दोष दोन ठिकाणी निघाला. ग्राहकाची तार मुळाशी तुटली होती, हा पहिला. दुसरा अधिक मौजेचा. मोटार फिरते तेव्हा तिच्या आतल्या ब्रशांपाशी सतत बारीक ठिणग्या पडतात. आणि ठिणगी म्हणजे काय, ते हर्ट्झसाहेबांनी दाखवलेच आहे: तीही लहरी सोडते! म्हणजे मालमोटार धावू लागली की स्वतःच आरडाओरडा करते आणि दुरून येणारी आज्ञा तिला ऐकू येत नाही. हा गोंगाट गिळण्यासाठी मोटारीच्या टोकांवर इवलेसे कपॅसिटर लावलेले असतात. आमचे सुटून लोंबत होते. ते जोडले, तार सांधली, आणि चाळीस फुटांवरून मोटार आज्ञा पाळू लागली.

बाहेरचा क्षीण संदेश ऐकायचा तर आधी घरातला गोंगाट शांत करावा लागतो, हे तत्त्व केवळ खेळण्यापुरते नाही. आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. 2023च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. तिथे रेडिओची नव्हे, तर गुरुत्वाकर्षणाची लहर टिपायची आहे. दूर कुठे दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजांत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी कमी फरक पडतो, तो मोजायचा! जमिनीची थरथर, दूरच्या वाहनांची धडधड हा सगळा गोंगाट वेगळा काढणे हेच तिथले मोठे काम राहील. अंगणात हे नातवाला सांगताना मला शाळेतल्या फळ्यापाशी उभे असल्यासारखे वाटले.

वंशपरंपरेने खेळणी देण्याची रीत आपल्याला नवी नाही. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल मिरवतात, आणि आजोबाचा बैल नातवाच्या हाती आलेली घरे तिकडे पुष्कळ आढळतात. त्या बैलाचे चाक निखळले की नवे बसते, रंग उडाला की पुन्हा लागतो. तो टिकतो, कारण तो दर वर्षी बाहेर निघतो. माझी मालमोटार माळ्यावर सुरक्षित होती आणि तिथेच ती बिघडली.

शेवटचा प्रसंग सांगतो आणि थांबतो. मोटार मिळाल्यावर नातवाने तिच्यात हळकुंडे भरली आणि अंगणात मोंढा मांडला. चौथ्या दिवशी ती पायरीवर आदळून पुढचा बंपर दुभंगला. माझा हात सवयीने मोटारीकडे गेला. पेटी कुठे आहे, हेही मनात येऊन गेले. मुलगा माझ्याकडे पाहत होता. मी पेटी मागवली नाही. स्क्रू काढायचा पेचकस नातवाच्या हाती दिला आणि म्हणालो, "बैस. कसं जोडायचं ते बघू." बंपर जोडला आहे, सांधा दिसतो आहे.

झाकणाच्या आत आता आम्ही एक कागद चिकटवला आहे. काय बदलले, कोणत्या मापाचे, कोणत्या साली, हे त्यावर लिहिले आहे. शेवटची ओळ नातवाने स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे: खेळून झाल्यावर सेल काढून ठेवावेत, गाडी ठेवून देऊ नये.