क्लचची पारख

मुलांस नायट्रो इंधनाचा रेडिओ-नियंत्रित ट्रक आणून देणाऱ्या वडील मंडळींनीं त्याचा क्लच समजून घ्यावा, असें आम्हांस वाटतें. एंजिनाचा वेग वाढला म्हणजे केंद्रोत्सारी प्रेरणेनें गतिचक्रावरील शू स्प्रिंगांस न जुमानतां बाहेर पसरतात, भोंवतालच्या बेलला घट्ट धरतात, आणि चाकें फिरूं लागतात. स्प्रिंग फार मऊ असल्यास मंद गतींतच गाडी पुढें सरकते; फार ताठ असल्यास शू घसरून तापतात व बेअरिंगें खराब होतात. जड ट्रकास ॲल्युमिनियमचे शू टिकाऊ. बेलच्या व मोठ्या चक्राच्या दांत्यांमध्यें कागदाची पट्टी घालून स्क्रू आवळावे, मग पट्टी काढावी. एका वेळीं एकच फेरफार करावा. अंगणांत लहान मुलें असतात. म्हणून मंद गतींत जी गाडी स्वस्थ उभी राहत नाहीं, ती मुलाच्या हातीं देऊं नये.