नियम तोच, चित्रं वेगळी

तीन ते पाच वर्षांच्या मुलांपुढे रंगीत मार्कर आणि कोरे कागद ठेवले, तर सांगावं लागतं का काही? मुलं तुटून पडतात. आता ही गोडी घालवायची तर काय करावं लागेल? रागवावं लागेल? पेनं काढून घ्यावी लागतील? १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ती चक्क बक्षिसाने कमी झाली!

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाची बिंग नावाची बालवाडी आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तिथली चित्रांत रमणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस की सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींच्या हातात तेच प्रशस्तिपत्र चित्र झाल्यावर अचानक ठेवलं. उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा मार्कर मांडले. या वेळी बक्षिसाचं नावही नाही. आधी बोली झालेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी थांबली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची हौस मात्र शाबूत होती. कागद तोच, चांदणी तीच. फरक फक्त बोलीचा!

असं का व्हावं? रोचेस्टर विद्यापीठातल्या एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी आयुष्यभर या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांचं म्हणणं असं, की माणसाच्या मनाला तीन गोष्टींची भूक असते: हे मी माझ्या मर्जीने करतोय, हे मला जमतंय आणि इथली माणसं माझी आहेत. यातली पहिली भूक विलक्षण हळवी आहे. ‘मी हे का करतोय?’ या प्रश्नाचं उत्तर एकदा ‘चांदणीसाठी’ असं झालं, की चांदणी गेल्यावर चित्र काढायला कारणच उरत नाही.

मग मुलांना मोकाट सोडायचं? शिस्त नको? माझ्या मते या साऱ्या संशोधनातलं सर्वांत सुंदर उत्तर याच प्रश्नाला मिळालं आहे. रिचर्ड कोस्टनर, रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली पहिली-दुसरीतल्या मुलांना रंगवायला बसवलं. दोन गटांना नियम अगदी सारखे: रंग सांडायचे नाहीत, एकमेकांत मिसळायचे नाहीत, नीटनेटकं राहायचं. एका गटाला ते हुकूम म्हणून ऐकवले, असंच करायचं, चांगल्या मुलासारखं वागायचं. दुसऱ्या गटाला आधी म्हटलं, रंगांत मनसोक्त बरबटायला मजा येते हे ठाऊक आहे आम्हाला. पण हे सामान तुमच्यानंतर दुसऱ्या मुलांनाही वापरायचं आहे, म्हणून जपूया. तिसऱ्या गटाला नियमच नव्हते.

नंतर मुलांना एकटं सोडलं. हुकूम ऐकलेल्या मुलांचा रंगवण्यातला रस ओसरला होता. ज्यांना कारण सांगितलं, ज्यांच्या इच्छेची दखल घेतली, ती नियम पाळूनही अगदी बिननियमाच्या मुलांइतकीच रमली होती. आणि पुढचं वाचून मी थक्क झालो: चित्रंसुद्धा बदलली होती! हुकमाखाली काढलेल्या चित्रांत कल्पकता कमी दिसली. दोन-तीन वाक्यांचा सूर कुंचल्यापर्यंत पोचतो, हे किती अद्भुत आहे!

बरं, हे चित्रांपुरतंच असेल का? १९८७ साली वेंडी ग्रोल्निक आणि रायन यांनी पाचवीच्या मुलांना पाठ्यपुस्तकासारखा मजकूर वाचायला दिला. ज्यांना ‘यावर चाचणी होणार, गुण मिळणार’ असं सांगितलं, त्यांना मजकुराचा गाभा कमी उमगला. आणि त्यांनी जे पाठ केलं होतं, तेही आठवडाभराने इतरांपेक्षा जास्त विसरलं गेलं. जणू परीक्षा संपली आणि मेंदूने ओझं उतरवून ठेवलं.

तर सारा दोष शिक्षकांच्या स्वभावाचा? थांबा. १९८२ साली डेसी आणि सहकाऱ्यांनी शिकवणाऱ्यांवरच प्रयोग केला. त्यांनी ठोकळ्यांची कोडी शिकवायची होती. काहींना फक्त शिकायला मदत करा म्हटलं. काहींना बजावलं, तुमचे विद्यार्थी ठरावीक पातळी गाठतात की नाही, याची जबाबदारी तुमची. एवढ्या एका वाक्याने दुसऱ्या गटाचं वागणं पालटलं. ते जास्त बोलू लागले, ‘असं कर, असंच करायला हवं’ म्हणू लागले, टीका करू लागले, उत्तरं सांगून टाकू लागले. वरून आलेला दाब त्यांनी, नकळत, खाली उतरवला. दहावीच्या शंभर टक्के निकालाचं दडपण पाहिलेल्या आपल्याकडच्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको.

शेवटी मोजदाद झाली. दडपणाखालच्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांची कोडी जास्त पुरी झाली होती. पण आपलं आपण डोकं चालवून सोडवलेली त्यांत फारच थोडी होती.