स्वयंपाकघरातील लाकडी हातोडी

मराठी स्वयंपाकघराला कुटण्या-ठेचण्याचे वावडे कधीच नव्हते. मिरचीचा ठेचा, खलबत्त्यात कुटलेला मसाला, कालवणात पडण्यापूर्वी वरवंट्याने चेचलेले सुके बोंबील हे सारे आपल्या परिचयाचे आहे. तथापि मटण किंवा कोंबडीचे मांस चुलीवर चढवण्यापूर्वी थोपटून घ्यावे, ही कल्पना मात्र आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. त्याचे कारण उघड आहे. आपला जीव रश्श्यात. आणि रश्श्यातील फोडी मऊ करण्याचे काम मंद आच किंवा प्रेशर कुकर चोख बजावतो. त्यामुळे भांड्यांच्या दुकानात उलथन्या-झाऱ्यांच्या शेजारी टांगलेली, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने बोथट दात असलेली हातोडी पाहून अनेक जण कुतूहलाने ती हातात घेतात आणि परत ठेवून देतात. दुकानदार तिला ‘मीट हॅमर’ म्हणतात. लाकडाची असो वा धातूची, हे साधन नेमके काय करते आणि घरच्या स्वयंपाकात त्याचा उपयोग कसा करावा, याचा परिचय करून घेणे उद्बोधक ठरेल.

मांस चिवट का असते?

मांस म्हणजे प्राण्याचे स्नायू. सूक्ष्म तंतूंच्या जुड्या आणि त्या जुड्यांना बांधून ठेवणारे पापुद्रे अशी त्याची रचना असते. या पापुद्र्यांतील मुख्य घटक म्हणजे कोलॅजन हे प्रथिन. प्राण्याच्या ज्या अवयवांना अधिक श्रम पडतात, त्या मानेच्या व पायांच्या स्नायूंत कोलॅजन अधिक असते. म्हणून ते भाग चिवट लागतात. ओलाव्यात दीर्घकाळ शिजवले की कोलॅजन विरघळून त्याचे जिलेटिन बनते. पायांच्या सुपाला येणारा चिकटपणा हा त्याचाच परिणाम होय. परंतु तव्यावर अल्पावधीत परतायच्या पदार्थाला एवढी सवड नसते. तेथे हातोडी उपयोगी पडते. तिच्या आघातांनी तंतूंच्या जुड्या सैल होतात, पापुद्रे ठिकठिकाणी तुटतात आणि जे काम दातांनी करायचे ते काही अंशी आधीच उरकलेले असते.

जाडीचा हिशेब

हातोडीचा दुसरा उपयोग याहूनही महत्त्वाचा आहे, पण त्याकडे सहसा लक्ष जात नाही. कोंबडीच्या छातीचा बिनहाडाचा तुकडा पाहा. तो एका टोकाला चांगला जाड, तर दुसऱ्या टोकाला अगदी निमुळता असतो. जाड टोक आतपर्यंत शिजेतो पातळ टोक वाळून कोरडे होते आणि पातळ टोक सांभाळावे तर जाड टोक आत कच्चे राहते. तुकडा थोपटून सर्वत्र एकसारखा केला की ही अडचण मुळातच दूर होते.

येथे एक हिशेब लक्षात घेण्याजोगा आहे. उष्णता बाहेरून आत झिरपत जाते आणि तिला लागणारा वेळ ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजेच जाडी निम्मी केली, तर वेळ निम्मा लागत नाही, सुमारे एक चतुर्थांशच लागतो. व्याजाचे हिशेब करणाऱ्यांना अशा गणिताचे महत्त्व वेगळे सांगायला नको. दोन-तीन मिनिटांच्या थोपटण्याने गॅसही वाचतो आणि मांसातील रसही टिकतो.

काश्मीरपासून व्हिएन्नापर्यंत

आपल्या देशात या कलेचे सर्वोच्च रूप पाहायचे असेल, तर काश्मीरच्या वाझवानकडे वळावे लागेल. लग्नकार्यातील या मेजवानीत रिस्ता आणि गुश्ताबा हे मांसाच्या गोळ्यांचे दोन पदार्थ मानाचे. रिस्ता लाल रश्श्यात, तर गुश्ताबा दह्याच्या पांढऱ्या रश्श्यात शिजवतात आणि मांसाहारी पदार्थांची सांगता गुश्ताब्यानेच होते. या गोळ्यांसाठी खिमा चालत नाही. वाझा, म्हणजे तेथील पारंपरिक आचारी, ताजे बिनहाडाचे मटण गुळगुळीत दगडावर ठेवून, चरबी मिसळत, लाकडी हातोडीने दीर्घकाळ कुटत राहतात. मध्येच हाताला लागणारे धागे व शिरा वेचून काढतात. यंत्रात मांस कापले जाते, येथे मात्र तंतू उकलत जातात. मिठाच्या सान्निध्यात त्यातील प्रथिने सुटून चिकट लगदा तयार होतो आणि चरबी त्यात एकजीव होते. शिजल्यावर गोळ्याला येणारा लवचीक, स्पंजासारखा पोत ही त्या कुटण्याची देणगी आहे. वाझवानच्या दिवशी एका लयीत पडणारे हातोड्यांचे ठोके ही मांडवातील कार्याची वर्दीच असते.

उत्तर भारतातील पसंदे हा याच कुळातील पदार्थ. मांडीच्या मटणाचे लांबट काप थोपटून, दही-मसाल्यात मुरवून ते शिजवतात. हैदराबादच्या ‘पत्थर का गोश्त’साठीही मटणाचे काप असेच पातळ करून तापलेल्या दगडी लादीवर भाजले जातात. गोव्यात मांसाचे थोपटलेले पातळ काप मसाल्यात मुरवून, रव्यात घोळवून तळतात आणि पावात घालून खातात. आपल्या परिचयाच्या बटाट्याच्या कटलेटशी त्या ‘कटलेट’चे नावापुरतेच नाते. तिकडे दूर ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहराचे नाव मिरवणारा श्नित्सेलही याच जातीचा. काप सुमारे ४ मिलिमीटर इतका पातळ करायचा, मैदा, अंडे आणि पावाचा चुरा यांत क्रमाने घोळवायचा आणि तळायचा. प्रांत वेगळे, मसाले वेगळे. मात्र आरंभ सर्वत्र हातोडीच्या ठोक्याने.

पानातून उठलेली फोड

या साधनाचे खरे मोल मला घरातच उमगले. सत्तरी ओलांडल्यावर माझ्या वडिलांना कवळी बसवावी लागली. त्यानंतर रविवारी ते भाकरी रश्श्यात कुस्करून घेत आणि ‘मला आता तेवढे आवडत नाही’ असे म्हणून फोडी नातवंडांच्या पानात सरकवीत. आवड गेली नव्हती, चावणे जमत नव्हते. आणि तसे बोलून दाखवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पत्नीने मांडीच्या मटणाचे काप हातोडीने थोपटून, दह्यात मुरवून पसंदे केले, तेव्हा त्यांनी दोन काप सावकाश, चवीने खाल्ले आणि तिसरा मागून घेतला. उतारवयात शरीराला प्रथिनांची गरज कमी होत नाही; मात्र दात साथ देईनासे झाले की नेमका तोच आहार पानातून उठतो. अनेक घरांतील ज्येष्ठ असेच एकेक पदार्थ निमूटपणे सोडून देत असतात. त्यांच्या ‘आवडत नाही’चा अर्थ एकदा तपासून पाहायला हवा.

हातोडी कशी वापरावी?

मांस बिनहाडाचे असावे. वरचा पांढरा, चकाकता पापुद्रा सुरीने सोडवून टाकावा. तो थोपटूनही मऊ होत नाही. पाट जड घ्यावा आणि तो सरकू नये म्हणून खाली ओले फडके घालावे. सदनिकेत राहणाऱ्यांनी घडी घातलेला जाड टॉवेल अंथरल्यास खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांची दुपारची झोपही अबाधित राहील.

खाद्यपदार्थांसाठीची जाड प्लास्टिकची पिशवी दोन बाजूंनी कापून तिच्या घड्यांमध्ये तुकडा ठेवावा आणि पाण्याचे दोन-चार थेंब शिंपडावेत. त्यामुळे मांस चिकटत नाही, फाटत नाही आणि शिंतोडेही उडत नाहीत. कोंबडीसाठी नेहमी सपाट बाजू वापरावी. प्रारंभ मध्यभागी, जाड भागावर करून कडांकडे सरकावे आणि प्रत्येक ठोका किंचित बाहेरच्या दिशेने ओढता घ्यावा. हातोडीला स्वतःचे वजन असते. मनगटाने तिला केवळ दिशा द्यायची असते. तान्ह्या बाळाला थोपटणे आणि मिरची ठेचणे यांच्या मध्ये कोठेतरी या ठोक्याची जागा आहे. तव्यावर भाजण्यासाठी कोंबडीचा तुकडा सुमारे १ सेंटिमीटर जाड राहिला की थांबावे. दातेरी बाजू मटणाच्या चिवट कापांसाठी राखून ठेवावी आणि दोन्ही अंगांनी हलकेच फिरवावी.

थोपटलेल्या मांसात मसाला लवकर मुरतो. कच्च्या पपईतील पपेन हे विकर प्रथिने तोडते, म्हणून ती लावण्याची प्रथा आहे. परंतु हातोडी फिरवल्यावर पपईचे प्रमाण बेताचे ठेवावे, अन्यथा कापाचा लगदा होतो. मासे, कलेजी किंवा रश्श्यासाठीचे हाडासकट मटण यांना हातोडी लावू नये.

स्वच्छतेची पथ्ये

कच्च्या मांसावरील जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात. थोपटताना, विशेषतः दातेरी बाजूने, ते आत ढकलले जाऊ शकतात. म्हणून असे मांस आतपर्यंत पूर्ण शिजवणे अत्यावश्यक आहे. कोंबडीच्या गाभ्याचे तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचायला हवे. मसाला लावलेले मांस ओट्यावर न ठेवता फ्रिजमध्ये मुरवावे. पाट, सुरी आणि हातोडी गरम पाण्याने व साबणाने तत्काळ धुवावी आणि दातांच्या फटी ब्रशने घासाव्यात. लाकडी हातोडी पाण्यात भिजत न ठेवता धुऊन, पुसून उन्हात वाळवावी. कोशिंबिरीच्या भाज्या चिरायला दुसरा पाट घ्यावा.

महागड्या, कोवळ्या मांसाचा आग्रह न धरता साध्या भागातूनही रुचकर पदार्थ करता येतो, हे या छोट्याशा साधनाचे सामर्थ्य. येत्या रविवारी खाटकाकडे मांडीच्या मटणाचे बिनहाडाचे काप मागावेत आणि ते तंतूंच्या आडवे कापून देण्यास आवर्जून सांगावे. आखूड तंतू चावायला सोपे जातात. उरलेले काम हातोडीवर सोपवावे, आणि पहिला काप घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीच्या पानात वाढावा.