हळद ओळखणारी चाळण

२७ जानेवारी २००४. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी संपवून सांगलीतलं आमचं हळदीचं ऑफिस उघडलं, तर सर्व्हरवर मेलची रांग तुंबलेली. आदल्या संध्याकाळी ‘मायडूम’ हा मेलमधून पसरणारा व्हायरस जगभर सुटला होता. ‘तुमचा मेल पोचला नाही’ असं सोंग घेऊन यायचा. जोडलेली फाइल उघडली की संपलं. सर्व्हर लिनक्सचा, त्याला धक्का नव्हता. पण त्याच्यामागे आमच्या सातारा शाखेतले विंडोजवाले पीसी होते.

पीसीवर क्विक हील हे अँटिव्हायरस असायचं. ते तर आमच्याच मुलखातलं : साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता भाऊ संजय यांच्यासह पुण्यात ही कंपनी उभी करून बसले. सर्व्हरच्या दारात मात्र वेगळा पहारा हवा होता आणि मेलबॉक्समागे परवाना घेण्याइतकं बजेट नव्हतं. म्हणून मेल वाहणाऱ्या पोस्टफिक्सला अमाविस जोडलं आणि अमाविसला व्हायरस पकडणारं क्लॅमएव्ही व स्पॅम चाळणारं स्पॅमअसॅसिन. सगळं फुकट. चाचणीला ‘आयकार’ची ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल स्वतःलाच पाठवायची, ती अडली की जीव भांड्यात.

एक चूक आमचीच. व्हायरस सापडला की पाठवणाऱ्याला इशारा जायचा. पण मायडूम पाठवणाऱ्याचा पत्ताच खोटा लावायचा. म्हणजे भलत्यांनाच आम्ही कचरा धाडत होतो. इशारे बंद केले.

व्हायरसचं तिथं मिटलं. स्पॅमचं खरं दुखणं पुढे निघालं. स्पॅमअसॅसिन प्रत्येक मेलला गुण देतं. ५ झाले की स्पॅम. आमच्या व्यापाऱ्यांचे मेल म्हणजे ‘बेस्ट प्राइस’, ‘फ्री सॅम्पल’, सगळी मोठी अक्षरं, शेवटी तीन उद्गारचिन्हं. दिवाणजी विचारायचे, ‘अहो साहेब, पार्टी म्हणते मेल कालच टाकलाय!’

उपाय होता स्पॅमअसॅसिनमधल्याच बेझच्या गणितात : दाखवलेल्या मेलांवरून ते शक्यता शिकतं. किमान २०० खरे आणि २०० स्पॅम मेल दाखवल्याशिवाय ते कामालाच लागत नाही. दोन शनिवार बसून, हळदीची प्रत लावावी तसे मेल निवडले. मग कुठे चाळणीला हळद ओळखू येऊ लागली.

व्हायरस साऱ्या जगाला एकच, त्याची यादी कुणीही करून देतं. स्पॅम कुठला आणि धंदा कुठला, हे मात्र ज्याच्या त्याच्या बाजारात ठरतं. साधन निवडताना आम्ही ताकद तोलत होतो. ते शिकतं किती, हे बघायला हवं होतं.

पुढे सर्व्हर निघाला, मेल क्लाउडवर गेले. पहिल्याच आठवड्यात दिवाणजींचा फोन आला. जंक फोल्डर उघडला. पार्टीचं कोटेशन तिथंच होतं, तिन्ही उद्गारचिन्हांसकट.